काम थांबवायचा हक्क कुणाचा?

मलवाहिनीच्या चेंबरमधला विषारी वायू मोजणारा गॅस मीटर कपाटात होता. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे असायची ते भांडारपाल त्या आठवड्यात निवडणुकीच्या कामावर गेले होते. मीटर गहाळ झाला तर किंमत पगारातून कापली जाईल, या धास्तीने ते किल्ली सोबत घेऊन गेले होते. मी त्यांना दोष देत नाही. जडवस्तू नोंदवहीत त्या मीटरसमोर त्यांची सही होती. चेंबरमध्ये उतरणाऱ्या माणसासमोर मात्र कुठल्याच वहीत कुणाचीच सही नव्हती.

दुपारी कंत्राटदाराचा एक पोरगेला कामगार मलवाहिनीच्या चेंबरमध्ये उतरला. चार-पाच पायऱ्या खाली गेल्यावर त्याचे हात सुटले. वर उभ्या असलेल्या मुकादमांनी दोर खेचला म्हणून तो वाचला. दोर बांधायला त्यांना कुणी सांगितले नव्हते, तो त्यांनी आपल्या अनुभवाने बांधायला लावला होता. पोराला उलट्या झाल्या, डोके धरून तो तासभर फुटपाथवर बसला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला, कारण नाहीतर खाडा धरला असता. खात्याच्या दप्तरी त्या दिवशी काहीच घडले नाही. माणूस कंत्राटदाराचा, मेला नाही, हाड मोडले नाही. अशा घटनेसाठी नमुन्यात रकानाच नव्हता. वर्षअखेरीच्या अहवालात अपघातांपुढे आम्ही लिहिले, ‘निरंक’.

मी त्या वेळी त्या खात्यात सुरक्षेचे काम पाहत होते. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातले ते एक मोठे सार्वजनिक खाते. मलवाहिन्या, पंप, रस्त्यावरचे दिवे, झाडांची छाटणी, कचरा, दुरुस्त्या अशी शेकडो प्रकारची कामे आणि ती करणारी हजारो माणसे, त्यातली बरीचशी कंत्राटी. त्याआधी बारा वर्षे मी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका रसायन कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. दोन्ही नोकऱ्यांच्या जागांत मोटारीने वीस मिनिटांचे अंतर असेल. पण कारखान्यात टाकीत माणूस उतरवायचा असला की जे घडायचे आणि इथे रस्त्यावर जे घडायचे, त्यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसला आणि तो मला आजही सलतो.

मला सांगायचे आहे ते एवढेच. सार्वजनिक खात्यातली सुरक्षा किती चांगली, हे मी प्रशिक्षणे किती झाली किंवा हेल्मेट किती वाटली यावरून ठरवणार नाही. मी विचारेन, गेल्या वर्षभरात धोका दिसला म्हणून किती वेळा काम थांबले, कुणी थांबवले, आणि थांबवणाऱ्याचे पुढे काय झाले. या प्रश्नाचे उत्तर ‘निरंक’ असेल, तर त्या खात्यात सुरक्षा नाही असे मी मानते. हजार ठिकाणी रोज खोदकाम, चढउतार आणि विजेचे काम चालते, आणि वर्षभरात एकदाही कुणाला थांबावेसे वाटले नाही, हे शक्यच नाही. थांबावेसे वाटले असणार. थांबण्याची सोय नव्हती.

राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय आज आपल्याच बेलापुरात, सेक्टर १५ मध्ये आहे. १९७२ पासून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कारखान्यांत आणि कार्यालयांत शपथ घेतली जाते. शपथेला माझा विरोध नाही. कारखान्याच्या आवारात चारशे माणसांसोबत मी ती पहिल्यांदा म्हटली, तेव्हा माझा आवाज भरून आला होता. पण तिथे शपथेच्या मागे कागद होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३६ सांगत असे की बंदिस्त जागेत, म्हणजे टाकीत, खड्ड्यात, नळीत, माणूस उतरवायचा तर तिथल्या हवेची चाचणी घेऊन सक्षम व्यक्तीने लेखी दाखला द्यायचा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र हवे आणि कमरेला पट्टा, ज्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असेल. या दाखल्याला आम्ही परमिट म्हणायचो. परमिटवर माझी सही नसेल, तर कारखान्याचा मालक समोर उभा राहिला तरी माणूस टाकीत उतरत नसे. मी मोठी होते म्हणून नव्हे, सही नसताना काही घडले तर तुरुंगात कोण जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते म्हणून.

खात्यात आले तेव्हा मला खोली मिळाली, टेबल मिळाले, सुरक्षा सप्ताहाची फाईल मिळाली. सही करायचा एकही कागद मिळाला नाही. सुरक्षा कक्षाचे काम ‘सल्ला देणे’ असे आदेशात लिहिले होते. मी सल्ले देत राहिले आणि माणसे उतरत राहिली.

चेंबरमध्ये नेमके काय असते हे इथे सविस्तर सांगायला हवे, कारण ज्यांच्या हातात निर्णय असतो त्यांच्यापैकी बरेच जण तिथे कधी वाकूनही पाहत नाहीत. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे सगळ्यांना माहीत असते. माहीत नसते ते हे, की हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण शंभर भागांवर गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास यायचा थांबला की कामगाराला वाटते गॅस गेला, आणि खरे तर तेव्हाच तो जीवघेणा झालेला असतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. वरून आत डोकावून काही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे शांत असलेला गाळ फावड्याने ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. उतरताना हवा बरी असते, काम सुरू झाल्यावर ती बदलते. म्हणून मीटर एकदा वरून सोडून पाहिला आणि काढून घेतला, एवढ्याने भागत नाही. तो उतरणाऱ्याच्या छातीशी सतत चालू लागतो. प्राणवायू स्वच्छ हवेत २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत जायचे नाही असा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा दंडक आहे. काही जुने लोक अजून काडी पेटवून बघतात. मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर त्याच काडीने स्फोट होतो.

या सगळ्यावर उपाय महाग नाहीत. पुढचे-मागचे झाकण उघडून ठेवणे, ताजी हवा आत सोडणारा ब्लोअर लावणे, तिपाई आणि कप्पी, पट्टा, मीटर, वर दोन माणसे. आणि सगळ्यांत आधी, माणूस उतरवायची गरजच पडू न देणे. आता पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वाहिनी मोकळी करणाऱ्या जेटिंगच्या आणि मैला ओढून घेणाऱ्या सक्शनच्या गाड्या आहेत, काही शहरांत यंत्रमानवही आले आहेत. सुरक्षेच्या अभ्यासात पहिला नियम असा की धोका मुळात काढून टाका, तो निघत नसेल तर यंत्र वापरा, मग कामाची पद्धत बदला आणि हातमोजे-मास्क अगदी शेवटी. आमच्याकडे उलट व्हायचे. मास्क वाटला की कार्यक्रम झाला.

कायदाही आपल्याकडे कमी नाही. मानवी मैला वाहून नेण्यास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. गटार किंवा मैल्याच्या टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाख. त्या कायद्याखालच्या नियमांत माणूस उतरवायला मोजकेच अपवाद आहेत: झाकण तुटून आत पडले, नवी वाहिनी जुनीला जोडायची आहे, सांडपाण्याच्या विहिरीतला पंप काढायचा आहे, असे. या अपवादांपलीकडे कुणाला उतरवायचे असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवून परवानगी द्यायची आहे. म्हणजे कायद्याने निर्णय सर्वांत वरच्या खुर्चीवर ठेवला आहे, आणि तोही कागदावर. प्रत्यक्षात तो निर्णय सर्वांत खालचा माणूस घेतो, फोनवर आलेल्या एका वाक्यावरून: ‘अरे, जरा बघ ना आत काय अडकलंय.’ हा फोन कुणी केला, कधी केला, याचा पुरावा कुठेच राहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. भरपाई वाढली हे चांगलेच झाले. पण केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि टाक्यांच्या धोकादायक सफाईत ३७७ माणसे गेली. २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंची सामाजिक तपासणी झाली, तिच्यात आढळले की ४९ जणांकडे सुरक्षेचे कोणतेही साधन नव्हते. आणि त्या ५४ पैकी सरकारी वेतनपटावर होते फक्त पाच. बाकीच्यांचे मालक शोधत बसावे लागते.

माझ्या अनुभवात खरी गाठ इथे आहे. खात्याचा कायम कर्मचारी जखमी झाला की फाईल तयार होते, चौकशी होते, संघटना विचारते. कंत्राटी कामगार जखमी झाला की तो ‘एजन्सीचा माणूस’ होतो. मी एकदा एका अभियंत्यांना विचारले, आपल्या हद्दीत आपल्या कामावर या महिन्यात किती जण जखमी झाले? ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, ‘मॅडम, आपले की एजन्सीचे?’ त्यांना यात काही वावगे वाटले नाही, कारण व्यवस्थेने त्यांना तसेच मोजायला शिकवले होते. कायद्याला हा भेद मान्य नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम १२ नुसार कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मूळ मालकाकडून घेता येत असे. त्याने ती मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. म्हणजे मृत्यूनंतर तो माणूस आपला ठरतो, पण जिवंतपणी त्याच्या घसरण्या-पडण्याची नोंद आपण ठेवत नाही.

३१ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरजवळ सरळांब्याला, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस माणसे गेली. रस्ता सार्वजनिक, माणसे कंत्राटदारांच्या साखळीतली. मी त्या रात्रीच्या कारणांबद्दल इथे काही बोलणार नाही, तो तज्ज्ञांचा विषय आहे. पण अशा कोणत्याही कामावर रात्री अकरा वाजता एखाद्या कामगाराला यंत्र नीट वाटले नाही, तर त्याने कुणाला सांगायचे आणि कुणाच्या शब्दावर काम थांबेल, हे करारात कुठे लिहिलेले असते का? मी वाचलेल्या निविदांत तरी ते मला कधी सापडले नाही.

निविदेचा विषय निघाला आहे तर तेही बोलते. आमच्या निविदांमध्ये एक ओळ ठरलेली असायची, ‘सर्व सुरक्षा साधने कंत्राटदाराने स्वखर्चाने पुरवावीत.’ ही ओळ लिहिणाऱ्याला वाटते आपण जबाबदारी पक्की केली. होते असे की जो कंत्राटदार तिपाई, ब्लोअर, मीटर आणि वर थांबणाऱ्या दोन माणसांची मजुरी हिशेबात धरतो, त्याचा दर वर जातो आणि काम सर्वांत कमी दरवाल्याला मिळते. प्रामाणिक माणसाला आपणच बाहेर काढतो. याला साधा उपाय आहे आणि काही मोठ्या प्रकल्पांत तो वापरलाही जातो. सुरक्षेच्या बाबी अंदाजपत्रकात वेगळ्या काढायच्या, त्यांचा दर आधीच ठरवायचा, त्यावर बोली लावू द्यायची नाही आणि पैसे प्रत्यक्ष वापरावर द्यायचे. मोजमाप पुस्तकात पाइप किती मीटर टाकला हे आपण लिहितो, तसेच ब्लोअर किती तास चालला हेही लिहायचे. जे मोजमाप पुस्तकात येते तेच सार्वजनिक कामात खरे मानले जाते, हे तिथे काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कपाटातल्या मीटरची गोष्टही याच जातीची. मीटर भांडवली खर्चातून येतो. त्यातल्या वायू ओळखणाऱ्या सेन्सरचे आयुष्य साधारण दोन वर्षे आणि मधूनमधून त्याची तपासणी करून आकडे जुळवून घ्यावे लागतात. हा खर्च महसुली, म्हणजे रोजच्या देखभालीच्या शीर्षाखाली येतो आणि त्या शीर्षाखाली तरतूद नसते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी मीटर चालू होतो, हिरवा दिवा दाखवतो आणि खोटे बोलतो. मी अशा मीटरवर चिठ्ठी लावून तो बाजूला ठेवला, तर लेखापरीक्षणात आक्षेप आला की सुस्थितीतील वस्तू विनावापर पडून आहे. मीटर ही जडवस्तू नाही, ती खपाची वस्तू आहे, दोन वर्षांनी संपणारी. तिची नोंद तशी केली, हरवली तर वसुली नाही एवढा एक आदेश काढला, तर ती कपाटातून निघून गाडीत येईल. या एका आदेशासाठी मी तीन वर्षे टिप्पणी पुढे सरकवत होते.

कुणी म्हणेल, हे सगळे कारखान्यात ठीक आहे. पण लोकांच्या घरात मैला शिरला असताना काम थांबवणार कसे? हा प्रश्न मी हलका मानत नाही. मी नेरूळला तळमजल्यावर राहते. एका जुलैमध्ये भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला आणि आमच्या न्हाणीघराच्या जाळीतून काळे पाणी वर यायला लागले. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी तक्रार क्रमांकावर तीन वेळा फोन केला आणि तिसऱ्या वेळी आवाज चढवला. तिकडे कुठल्या तरी चेंबरपाशी एक मुकादम माझ्याच आवाजाने घाबरून कुणाला तरी ‘उतर’ म्हणत असेल, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले. हे शहर खाडीकाठी भराव टाकून उभे राहिले आहे. भरतीच्या वेळी पाणी बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ते तेवढा वेळ साठवणारे धारण तलाव आणि झडपा आहेत. भरती आणि पाऊस जुळले की सगळीकडे एकाच वेळी तुंबते, तक्रारींचा पाऊस पडतो, संगणकावर प्रत्येक तक्रारीची मुदत चालू होते, नगरसेवकांचे फोन येतात. माणसावर सर्वांत जास्त दबाव असतो तोच क्षण वाहिनीत सर्वांत जास्त धोका असण्याचा असतो. म्हणूनच तो निर्णय दबावाखालच्या माणसावर त्या क्षणी सोडता कामा नये. नियम आधीच ठरलेला हवा आणि तो नागरिकालाही माहीत हवा: गाडी येईल, यंत्राने निघेल तेवढे निघेल, माणूस उतरणार नाही, चार तास जास्त लागतील. मला कुणी फोनवर हे शांतपणे सांगितले असते, तर मी बादल्या भरून पाणी उपसत थांबले असते. बहुतेक माणसे थांबतात.

दुसरा आक्षेप असा की असा हक्क दिला तर कामगार त्याचा गैरफायदा घेतील. कारखान्यात बारा वर्षांत खोटे कारण सांगून काम थांबवल्याची दोन उदाहरणे मला आठवतात. खरे कारण असताना भीतीपोटी न थांबल्याची किती, ते मोजायला माझ्याकडे बोटे पुरणार नाहीत. रोजंदारीवरच्या माणसाला काम थांबवण्याची हौस नसते, त्याचा दिवस बुडतो.

म्हणून माझी मागणी मोघम नाही. काम थांबवायला तोंडी शब्द पुरेसा असावा आणि तो शब्द मुकादम, वायरमन, पंपचालक, कंत्राटी कामगार कुणाचाही चालावा. पुन्हा सुरू करायला मात्र लेखी सही लागावी, अभियंत्याची, नावासह आणि वेळेसह. आज नेमके उलटे आहे: सुरू करायला ‘चला’ पुरते आणि थांबवायला फाईल लागते. थांबलेल्या वेळेची मजुरी कामगाराला मिळावी आणि त्या वेळेचा विलंबदंड कंत्राटदाराला लागू नये, नाहीतर तो दंड शेवटी त्या पोराच्याच पगारातून वसूल होईल.

थोडे विजेच्या कामाबद्दल. खांबावर चढण्याआधी उपकेंद्राकडून फिडर, म्हणजे तिथे वीज आणणारी वाहिनी, बंद केल्याचे परमिट घेणे, टेस्टरने खात्री करणे आणि चुकून आलेली वीज जमिनीत सोडणारा अर्थिंग रॉड लावणे, ही पद्धत वायरमन मंडळींमध्ये वर्षानुवर्षे मुरलेली आहे. तरी अपघात होतात, कारण खालच्या एखाद्या दुकानात जनरेटर चालू असतो आणि त्याची वीज उलटी वाहिनीत येते. पण तिथे निदान अशी भाषा आहे की ‘परमिट आले नाही, मी चढत नाही.’ मुकादमांकडे असे वाक्यच नाही. त्यांना ते आपण द्यायचे आहे.

वाचवणाऱ्यांनाही असे वाक्य हवे. १ नोव्हेंबर २०१८ ला कल्याण पूर्वेला एका विहिरीत विषारी वायूने पाच माणसे गेली. विहीर साफ करायला एक जण उतरला, तो वर आला नाही म्हणून त्याच्यामागे आणखी उतरले, आणि त्यानंतर अग्निशमन दलाचे दोन जवानही त्यात गेले. त्यांच्या धैर्याला मी हात जोडते. पण मला हेही सांगायला हवे की आत पडलेला माणूस दिसत असताना ‘थांबा, आधी हवा तपासा’ म्हणणे हे धैर्याहून अवघड आहे, आणि ते म्हणणाऱ्याच्या मागे खाते उभे असल्याशिवाय कुणी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाण्याच्या टाकीत तीन कामगार गेले. एकाच वर्षाच्या आत, एकाच जिल्ह्यात, विषारी वायू आणि तीच घाई.

नवीन कायद्याने हे बदलेल का? व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात सुरक्षा समित्या आहेत, सुरक्षा अधिकारी आहेत, गंभीर धोका दिसला तर तो मालकाच्या नजरेस आणून देण्याचा कामगाराचा हक्क आहे. मी ती उत्सुकतेने वाचायला घेतली आणि पहिल्याच कलमात अडखळले. केंद्र आणि राज्य शासनाची कार्यालये संहितेच्या बाहेर आहेत. तिथे कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगारांना तेवढी ती लागू होते. कारखानदाराला जे बंधन सरकार घालते, ते स्वतःच्या कार्यालयाला घालत नाही. ब्रिटनमध्ये १९७४ चा सुरक्षा कायदा सरकारी खात्यांनाही लागू आहे. खात्यावर खटला भरता येत नाही हे खरे, पण तिथली तपासणी यंत्रणा खात्याला जाहीर ठपका देऊ शकते आणि ठपका लागलेल्या खात्याला उत्तर द्यावे लागते. तेवढेही आपल्याकडे असते तर बरे झाले असते. मात्र कायद्याची वाट पाहत बसायची गरज नाही. आपल्या माणसाला ‘थांब’ म्हणायचा हक्क द्यायला कुठल्याही महापालिका आयुक्तांना किंवा खातेप्रमुखांना संहितेने अडवलेले नाही. दोन पानांचा कार्यालयीन आदेश पुरतो.

अडचण अशी की आदेश काढणारा टिकत नाही. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ धरला आहे आणि तोही अनेकदा पुरा होत नाही. एका चांगल्या अधिकाऱ्यांनी माझी टिप्पणी वाचली, स्वतः येऊन चेंबर पाहिले, आणि आदेशाचा मसुदा तयार झाला त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारले, ‘याआधी असे कुठे झाले आहे का?’ म्हणून हा हक्क अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर टांगता ठेवायचा नाही, तो निविदेच्या मसुद्यात आणि मोजमाप पुस्तकात रुतवायचा. माणसे जातात, मसुदे वर्षानुवर्षे तसेच पुढे चालत राहतात.

नवी मुंबईबद्दल मला अभिमान आहे, तोही लिहिते. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर देशात तिसरे आले. सफाईमित्र, म्हणजे गटारे साफ करणारे कामगार, यांच्या सुरक्षेच्या राष्ट्रीय स्पर्धेतही ते आघाडीच्या शहरांत होते. यंत्रे आली आहेत, १४४२० हा गटारांसाठीचा मदत क्रमांक आहे. सकाळी साडेसहाला पाम बीचच्या कडेने झाडणाऱ्या बायकांच्या अंगात आता चमकणारी जाकिटे दिसतात, दहा वर्षांपूर्वी दिसत नव्हती. हे शहर करू शकते. म्हणूनच मी त्याच्याकडे जास्त मागते आहे. सर्वेक्षणाच्या गुणांमध्ये ‘धोका ओळखून थांबवलेली कामे’ असा एक रकाना घातला, तर सगळ्या शहरांना तो भरावा लागेल.

त्या दोर ओढणाऱ्या मुकादमांबद्दल सांगायचे राहिले. दोन वर्षांनी, ऐन पावसात, एका चौकातल्या चेंबरपाशी त्यांनी काम थांबवले. जेटिंगची गाडी अडकली होती, रस्त्यावर गुडघाभर पाणी होते, फोनवर फोन येत होते आणि एजन्सीचा सुपरवायझर माणूस उतरवायला तयार होता. मुकादम झाकणावर उभे राहिले आणि म्हणाले, ‘मीटर आणा, मग बघू.’ मीटर यायला दोन तास लागले. मीटरने धोक्याची घंटा दिली. माणूस उतरला नाही, गाडी आल्यावर रात्री वाहिनी मोकळी झाली. चार दिवसांनी मुकादमांना कारणे दाखवा नोटीस मिळाली: तक्रार विहित मुदतीत न सोडवून कर्तव्यात कसूर केल्याबद्दल. ते नोटीस घेऊन माझ्याकडे आले. घाबरले नव्हते, पण त्यांचा आवाज पडला होता. ‘मॅडम, तीस वर्षांत पहिली नोटीस,’ म्हणाले.

उत्तर मी लिहून दिले, मीटरच्या आकड्यांसह. नोटीस मागे घेतली गेली नाही, नुसती दप्तरी दाखल झाली. त्यांच्या सेवापुस्तकात त्या दिवसाबद्दल प्रशंसेची नोंद घ्यावी, असे पत्र मी त्याच आठवड्यात दिले होते. ते पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. मीही आता त्या खात्यात नाही. नोंद अजून झालेली नाही. गेल्या महिन्यात मी त्या पत्राची प्रत पुन्हा पाठवली आहे, या वेळी पोचपावतीसह.